मुखत्यारनामा कोणाचा?

पुण्याच्या सार्वजनिक सभेची स्थापना २ एप्रिल १८७० रोजी झाली, त्या वेळी तिच्या चालकांनी स्वतःवर जो एक नियम घालून घेतला होता, त्याची आठवण आज मुद्दाम करून द्यावीशी वाटते. सभेचा सभासद होऊ इच्छिणाऱ्या गृहस्थाने किमान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा सभेपुढे रुजू करावा, म्हणजे आपण कोणाच्या वतीने बोलणार हे आधी सिद्ध करावे आणि मगच बोलावे, असा तो नियम होता. पर्वती संस्थानाच्या कारभाराविषयी लोकांच्या ज्या तक्रारी होत्या त्यांतून हा उद्योग निघाला, गणेश वासुदेव जोशी यांनी तो अंगावर घेतला, आणि सभेच्या आरंभीच्या ९५ सभासदांच्या पाठीशी सुमारे ६,००० लोकांच्या सह्या उभ्या राहिल्या. मतदानाचा हक्क ज्या रयतेने स्वप्नातही पाहिला नव्हता, तिच्यातील काही हजार माणसांनी आपले म्हणणे कोणी मांडावे हे कागदावर लिहून दिले होते. आणि त्या कागदांच्या बळावर ही सभा पुढे दुष्काळापासून सारावाढीपर्यंतच्या सर्व प्रश्नांवर सरकारला अर्ज करू शकली. १८७६-७७ च्या दुष्काळात तिने गावोगाव माणसे पाठवून जी माहिती गोळा केली आणि सरकारपुढे ठेवली, तिच्यामागे हाच अधिकार होता.

या घटनेला दीडशे वर्षे उलटून गेली. आज मंत्रालयाच्या मजल्यांवर, दिल्लीतील कृषी भवनात आणि उद्योग भवनात रोज शिष्टमंडळे येतात, निवेदने देतात, छायाचित्रे काढून घेतात आणि परत जातात. कोणी ऊस उत्पादकांच्या नावाने येतो, कोणी ग्राहकांच्या, कोणी लघुउद्योजकांच्या, कोणी रुग्णांच्या. त्यांच्या येण्याला माझा आक्षेप नाही. संघटना स्थापण्याचे स्वातंत्र्य आपल्या संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला दिलेले आहे, आणि निवडणुकीतील एका मतात माणसाची सगळी सुखदुःखे मावत नाहीत, म्हणून दोन निवडणुकांच्या मधल्या काळात सरकारच्या कानावर आपले गाऱ्हाणे घालण्याचा काही मार्ग असलाच पाहिजे. परंतु आलेल्या शिष्टमंडळाला 'तुमचा मुखत्यारनामा कोठे आहे' असा प्रश्न आता कोणीही विचारीत नाही, आणि जो आलाच नाही त्याची चौकशी करण्याची रीत तर आपल्या राज्यकारभारात जवळजवळ नाहीच. धोरणे ज्या अनेक कारणांनी एकांगी होतात, त्यांत हे कारण मला सर्वांत मोठे वाटते.

लोक एकत्र का येतात यापेक्षा ते एकत्र का येत नाहीत, हा प्रश्न अधिक उपयोगी आहे. समान दुःख असले की माणसे आपोआप संघटित होतात असे आपण समजतो. अनुभव मात्र तसा नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ साली याचा उलगडा फार स्पष्टपणे केला. थोड्या लोकांचा एखाद्या निर्णयात मोठा लाभ गुंतलेला असेल तर त्यांतील प्रत्येकाला वर्गणी देणे, वकील लावणे, राजधानीच्या फेऱ्या घालणे परवडते. पण लाखो लोकांचे थोडथोडे नुकसान होत असेल, तर त्यांतील एकालाही त्यासाठी दिवसभराची मजुरी बुडवणे परवडत नाही, आणि दुसरा कोणी झगडला तर त्याचे फळ आपल्यालाही मिळणारच आहे, या हिशोबाने प्रत्येक जण घरीच राहतो. आपल्या आजोबा-पणजोबांनी हे ग्रंथावाचून अनुभवले होते. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी पार्लमेंटातील आपल्या प्रतिनिधींकरवी तगादा लावून हिंदुस्थानात येणाऱ्या कापडावरील जकात १८८२ पर्यंत साफ काढून टाकवली. पुढे तिजोरीच्या अडचणीमुळे ती पुन्हा बसवावी लागली, तेव्हा तिचा फायदा मुंबईच्या गिरण्यांना मिळू नये म्हणून १८९६ साली आयात कापडावर साडेतीन टक्के जकात आणि त्याबरोबरच येथल्या गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी कर, अशी तोडीस तोड बांधून घेतली. मुंबईच्या गिरणीमालकांची स्वतःची संस्था १८७५ पासून अस्तित्वात होती, तरी तो कर स्थगित व्हायला १९२५ साल संपत यावे लागले. मँचेस्टरला मते होती, मुंबईला नव्हती. आणि ज्याच्या अंगावर ते कापड चढत होते त्या खेड्यातील माणसाला तर या व्यवहाराची वार्ताही नव्हती.

परंतु परकीय सत्तेची उदाहरणे देऊन थांबणे सोपे आहे. मला आजच्या महाराष्ट्रातील दोन पिकांविषयी बोलायचे आहे. एक ऊस आणि दुसरा कांदा. ही दोन्ही पिके शेतकऱ्याच्याच घामातून येतात, दोन्ही नगदी आहेत, आणि दोन्हींच्या भावावर सरकारचा हात आहे. तथापि सरकारदरबारी उसाचा शब्द चालतो आणि कांद्याची केवळ ओरड ऐकू येते. हा फरक ऊसवाला हुशार आणि कांदेवाला अडाणी असल्यामुळे पडलेला नाही. तो पिकाच्या प्रकृतीतून आणि त्याच्या व्यवहाराच्या रीतीतून पडलेला आहे.

ऊस तोडला की तो थांबत नाही. एक-दोन दिवसांत त्याचे गाळप झाले नाही तर वजन घटते, साखरेचा उतारा पडतो, म्हणून कारखाना शेतापासून जवळ असावा लागतो, आणि कारखाना जवळ आला की त्याच्या भोवतालच्या शे-दीडशे गावांतील ऊसवाले एका काट्यावर, एका गव्हाणीपाशी, एका वार्षिक सभेत एकत्र येतात. प्रवरेच्या काठी १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने सहकारी साखर कारखाना सुरू केला, तेव्हा कोरडवाहू आणि कर्जबाजारी शेतकऱ्याला स्वतःच्या मालकीचे यंत्र मिळावे हा त्यामागील हेतू अत्यंत उदात्त होता आणि त्याने नगर जिल्ह्याच्या त्या भागाचे जीवन पालटून टाकले, यात शंका नाही. पण त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली. विखुरलेल्या कुणब्यांचा एक कायमचा संघ तयार झाला, ज्याला वर्गणी मागत फिरावे लागत नाही.

उसाच्या बिलाची पावती एकदा नीट पाहावी. वरच्या बाजूला गटाचे नाव, सभासद क्रमांक, टनांचे वजन आणि दर; खाली कपातींची रांग. त्यांत सोसायटीच्या कर्जाची वसुली, कोठे ठेव, कोठे विकासनिधी, कोठे एखाद्या शिक्षणसंस्थेची किंवा स्मारकाची देणगी. पैसे शेतकऱ्याच्या हाती पडण्यापूर्वीच संस्थेचा वाटा वळता झालेला असतो. जगातील कोणत्याही संघटनेपुढे जी पहिली अडचण उभी राहते, म्हणजे फायदा घेणाऱ्या प्रत्येकाकडून खर्चाचा वाटा कसा मिळवावा, ती या एका पावतीने सोडवून टाकली आहे. त्या पैशातून रस्ते झाले, शाळा झाल्या, दवाखाने झाले. आणि कार्यकर्त्यांचे एक जाळेही झाले, जे कारखान्याच्या निवडणुकीत शिकले, जिल्हा बँकेत रुळले आणि विधानसभेत जाऊन बसले. सरकारने भागभांडवल दिले, कर्जाला थकहमी दिली, एका कारखान्यापासून दुसरा कारखाना किती हवाई अंतरावर असावा याचे नियम केले. आणि हे सारे ठरवणारे व मागणारे पुष्कळदा एकाच घरातील, निदान एकाच पंक्तीतील असत.

याचे फळ धोरणात दिसते. उसाला दर वर्षी केंद्र सरकार रास्त व किफायतशीर दर जाहीर करते, ज्याला गावोगाव एफआरपी म्हणतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरला, आणि ऊस घेतल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. साखरेचा बाजार पडला तर कारखान्याने काय करावे, तर तिलाही २०१८ पासून किमान विक्री दर आहे. आधी किलोमागे २९ रुपये होता, २०१९ साली ३१ झाला. राजू शेट्टी यांच्या संघटनेची ऊस परिषद जयसिंगपूरला भरते, पहिल्या उचलीचा आकडा तेथे पुकारला जातो, आणि पश्चिम महाराष्ट्रातील कारखाने त्या आकड्याची दखल घेतात, कारण रस्त्यावर उसाची वाहने अडली की कारखान्याचा खर्च घटकेघटकेने चढतो. म्हणजे उसाच्या घरात कारखानदारांची एक संघटना आहे आणि तिच्याशी भांडणारी उत्पादकांची दुसरी आहे. सरकारपुढे दोघींनाही जागा आहे.

आता लासलगावला जाऊ. बाजार समितीच्या आवारात सकाळी उभे राहिले म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली दिसते, आणि प्रत्येक ट्रॉलीपाशी एकेक शेतकरी, पहाटे घरून निघालेला, टोपी किंवा मफलर कानावर ओढलेला, आपल्या मालाकडे आणि येणाऱ्या घोळक्याकडे आळीपाळीने पाहत उभा असतो. व्यापाऱ्यांचा तो घोळका रांगेतून पुढे सरकतो. एक हात ट्रॉलीत खोलवर जातो, दोन-चार कांदे वर येतात, त्यांची पत्ती चोळून पाहिली जाते, बोली पुकारली जाते, आणि चार महिन्यांच्या कष्टांचे मोल मिनिटभराच्या आत ठरून घोळका पुढल्या ट्रॉलीकडे गेलेला असतो. भाव मान्य नसेल तर ट्रॉली परत न्यावी, असे म्हणायला हरकत नाही. पण डिझेलचे पैसे गेले, दिवस गेला, आणि माल जर लाल कांद्याचा असेल तर तो उद्यापर्यंत अधिकच उतरणार. भाव पटला तर ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाते, तेथे कांदा खाली ओतला की वर दिसलेला माल आणि तळाचा माल यांवरून पुन्हा वाद होतो, आणि त्या वादातही शेतकरी एकटाच असतो. त्याच्या शेजारच्या ट्रॉलीवाल्याशी त्याचे नाते त्या क्षणी प्रतिस्पर्ध्याचे आहे, कारण त्याचा माल आधी गेला आणि चांगला गेला तर याला काय उरणार, याची धास्ती आहे. या आवारात संघटित कोण आहे? व्यापारी आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले तेव्हा नाशिक जिल्ह्यातील लिलाव बंद ठेवून निषेध करण्याची ताकद व्यापाऱ्यांनी दाखवली, आणि त्या बंदच्या दिवसांत माल कोठे न्यावा हे कोडे उत्पादकापुढे पडले. संख्येने व्यापारी थोडे, म्हणून एका बैठकीत त्यांचा निर्णय होतो.

कांदा उत्पादकाला एकदा आवाज मिळाला होता, हे विसरून चालणार नाही. शरद जोशी यांनी चाकणला कांद्याचे आंदोलन उभे केले, १९८० च्या सुमारास पुणे-नाशिक रस्त्यावर शेतकरी येऊन बसले, आणि शेतीमालाचा भाव हा राज्याच्या अर्थकारणाचा मध्यवर्ती प्रश्न आहे हे शहरांतील शिक्षितांनाही मान्य करावे लागले. विचार म्हणून त्यांच्या शेतकरी संघटनेचे ऋण मोठे आहे. तथापि आंदोलन आणि संस्था यांत भेद आहे. आंदोलन माणसाच्या रागावर चालते, आणि राग हंगामासारखा येतो व ओसरतो. उसाची पावती मात्र दर वर्षी कापली जाते.

या दोन पिकांच्या भाग्यातला भेद डिसेंबर २०२३ मध्ये इतक्या स्वच्छपणे दिसून आला की त्याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडू नये. ७ डिसेंबरला केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास कारखान्यांना मनाई केली, कारण पाऊस कमी झाल्यामुळे साखर कमी पडेल अशी भीती होती. आणि त्याच तारखेच्या अधिसूचनेने कांद्याची निर्यातही बंद केली, जी दुसऱ्या दिवसापासून अमलात आली. दोन्ही हुकूम एकाच काळजीतून निघालेले, दोन्ही तडकाफडकी, दोन्हींनी महाराष्ट्राला सारखाच धक्का दिलेला. साखर उद्योगाच्या संघटना आणि राज्यातील पुढारी दिल्लीकडे धावले, आणि १५ डिसेंबरला, म्हणजे आठव्या दिवशी, १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत रस आणि बी-हेवी मळी या दोन्हींपासून इथेनॉल करण्याची मुभा मिळाली. कांद्याची बंदी आधी ३१ मार्चपर्यंत होती. मार्चमध्ये ती बेमुदत वाढवली गेली. एप्रिलच्या अखेरीस २,००० टन पांढरा कांदा बाहेर पाठवायला परवानगी निघाली, तो प्रामुख्याने गुजरातचा होता, आणि नाशिक-नगरच्या लाल व उन्हाळ कांदेवाल्यांच्या मनाला तो निर्णय फार लागला. शेवटी ४ मे २०२४ रोजी टनामागे ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून बंदी उठली, तेव्हा नाशिक आणि दिंडोरी मतदारसंघांतील मतदानाला १६ दिवस राहिले होते. शुल्काचा शेवटचा अवशेष जायला १ एप्रिल २०२५ उजाडला.

साखरेच्या बाजूने न्याय्य असे बरेच सांगता येईल आणि ते सांगितले पाहिजे. आसवन्या उभारण्यासाठी कारखान्यांनी बँकांची कर्जे काढली होती, तेल कंपन्यांशी करार झाले होते, आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट खुद्द सरकारचेच होते. तेव्हा ती बंदी सैल करणे अयोग्य होते असे मी म्हणत नाही. पण येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. एखाद्या गटाचे हित आणि सरकारच्या एखाद्या खात्याचे उद्दिष्ट जेथे जुळते, तेथे त्या गटाला सरकारच्या आतच एक वकील मिळतो, जो बैठकीत त्याच्या बाजूने टिपण मांडतो आणि फाईल पुढे सरकवतो. साखरेला पेट्रोलियम खाते मिळाले. कांद्याला कोणते खाते मिळाले? ग्राहक व्यवहार खाते, जे स्वभावतःच त्याच्या विरुद्ध बाजूला बसलेले आहे.

आणि हा ग्राहक कोण? त्याची संघटना नाही, तो निवेदन देत नाही, दिल्लीतल्या भाजीवाल्यापाशी दोन शब्द पुटपुटून अर्धा किलो घेऊन घरी जातो. तरीही त्याचा दरारा आहे, कारण १९९८ च्या हिवाळ्यात दिल्ली विधानसभेच्या निवडणुकीत कांद्याच्या भावाने काय केले ते कोणताही राज्यकर्ता विसरलेला नाही. न बोलता धोरण फिरवणारा हा एक विलक्षण गट आहे. त्याची ताकद राज्यकर्त्याच्या भीतीत साठवलेली आहे. मात्र भीतीवर चालणारे धोरण भाव चढला की धावते, आणि भाव पडून शेतकरी रस्त्यावर कांदा ओततो तेव्हा तितक्या चपळाईने धावत नाही. शहरातील गरीब कुटुंबाला कांदा महाग पडू नये ही चिंता रास्तच आहे. त्याचा भार एकट्या पिकवणाऱ्याने का उचलावा, याचे उत्तर आजवर मला कोणी दिलेले नाही.

येथवर मी उसाला बलवान म्हटले, परंतु उसाच्या नावाने जो बोलतो तो उसातील सर्वांच्या वतीने बोलतो काय? दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून, नगरच्या पाथर्डी-शेवगावकडून, जालना-परभणीच्या गावांतून लाखो माणसे ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक 'कोयता' म्हणतात; माणसांची गणती हत्याराच्या नावाने होते. मुकादम पावसाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो, ती फेडण्यासाठी हंगामभर तोडायचे, फडाच्या कडेला कोपी घालायची, मध्यरात्री वाहन आले तर मध्यरात्री मोळ्या भरायच्या, आणि आजारपणाने एखादा दिवस चुकला तर खाडा म्हणून तो अंगावर लिहून घ्यायचा. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात आला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, यावरून त्या खाड्याची दहशत किती होती याची कल्पना यावी. पाळीचे चार दिवस परवडत नाहीत म्हणून शरीराचा अवयव काढून टाकण्याची वेळ ज्या धंद्यात येते, त्या धंद्याचे धोरण ठरवताना ही बाई कोणत्या बैठकीत होती?

ती नव्हती, आणि असणे शक्यही नव्हते. कारखाना म्हणतो, माझा करार वाहतूक ठेकेदाराशी. ठेकेदार म्हणतो, माझा मुकादमाशी. आणि मुकादमाचा व्यवहार तोंडी. सहा महिने परगावी, सहा महिने घरी, दर वर्षी नवा कारखाना, नवा फड. वर सांगितलेल्या सर्व कसोट्यांवर ही माणसे असंघटित राहण्यासाठीच जणू घडवलेली आहेत. त्यांच्या संघटना आहेत, तोडणीच्या दराचा करार काही वर्षांनी साखर संघाशी होतो, आणि त्यासाठी झगडलेल्या कार्यकर्त्यांविषयी मला आदर आहे. परंतु तोडणीची मजुरी आणि मुकादमाचे कमिशन या दोन मागण्या एकाच निवेदनात शेजारी शेजारी बसलेल्या असतात, आणि उचल घेणाऱ्याच्या व देणाऱ्याच्या हिताला एकच मुखत्यार कसा पुरेल, हा प्रश्न कोणी विचारताना दिसत नाही.

विखुरलेल्यांना गोळा करण्याचे काम सरकार करू शकते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या गोद्या-बाजारांतील डोक्यावर ओझे वाहणारा माथाडी हाही असाच होता. आज या पेढीवर, उद्या त्या वखारीवर; मालक कोण ते सांगता येत नसे. अण्णासाहेब पाटील यांनी त्यांना उभे केले, आणि १९६९ च्या माथाडी कायद्याने असे ठरवून दिले की मालकांची आणि कामगारांची नोंद मंडळाकडे व्हावी, मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मालकाने मंडळात भरावी, आणि मंडळाने ती कामगाराला द्यावी. मंडळावर मालक, कामगार आणि सरकार या तिघांचे प्रतिनिधी बसले. पुण्यात बाबा आढाव यांनी हमाल पंचायतीच्या रूपाने जे काम उभारले त्यालाही याच कायद्याचा आधार मिळाला. आज त्या मंडळांच्या कारभारात दोष शिरले आहेत आणि कायद्याच्या नावाने खंडणी मागणारेही निघाले आहेत, हे खरे. तरी मालक नसलेल्या मजुराला कायद्याने मालक मिळवून दिला, ही केवढी मोठी गोष्ट! ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ निघाले आहे. त्याच्याकडून मी वसतिगृहांच्या आणि विम्याच्या योजनांपेक्षा अधिक मागतो. उचल मुकादमाच्या वहीत न राहता मंडळाच्या खात्यावर यावी, आणि प्रत्येक स्त्रीचे नाव कोयत्यातील अर्धा भाग म्हणून न लिहिता स्वतंत्र कामगार म्हणून लिहिले जावे.

आता मुखत्यारनाम्याकडे परत येतो. कायद्याचा आणि नियमांचा मसुदा ३० दिवस लोकांपुढे ठेवावा, असे केंद्र सरकारने २०१४ सालीच ठरवून दिले आहे. ते नियमाने होत नाही, आणि निर्यातबंदीसारखे निर्णय तर रात्रीतून येतात. तरी निदान एवढे करता येईल. खात्याकडे एखाद्या विषयावर जी जी निवेदने आली, ती कोणी दिली, त्या संस्थेचे सभासद किती, तिला पैसा कोठून येतो, आणि मंत्र्यांना वा सचिवांना कोण कोणत्या दिवशी भेटले, याची नोंद निर्णयाबरोबरच प्रसिद्ध व्हावी. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून, अपील करून, वर्षभराने जे मिळते, ते मागितल्याशिवाय मिळावे. आणि त्याच नोंदीत एक रकाना असा असावा, की या निर्णयाचा परिणाम ज्यांच्यावर होणार आहे त्यांपैकी कोणाकडून काहीही आलेले नाही. तो रकाना भरण्याची जबाबदारी सचिवावर टाकावी.

या सूचनेत एक धोका आहे आणि तो इतिहासानेच दाखवला आहे. मुखत्यारनामा मागणारे सरकार उद्या तो पुरेसा नाही असे म्हणून दार लावून घेऊ शकते. ज्या सार्वजनिक सभेच्या नियमापासून मी आरंभ केला, तिची मान्यता मुंबई सरकारने १८९७ साली काढून घेतली, आणि तीही केव्हा, तर १८९६ च्या दुष्काळात सभेची माणसे गावोगाव जाऊन सारामाफीचे नियम रयतेला मराठीतून समजावून सांगू लागली तेव्हा. म्हणून मी म्हणतो त्या मुखत्यारनाम्याने कोणाचेही निवेदन नाकारले जाऊ नये. एकट्या माणसाचा अर्जही दप्तरी दाखल व्हावा. बोलणारा कोणाच्या वतीने बोलतो आहे एवढे सर्वांना दिसावे, इतकाच त्याचा उपयोग.

दर वर्षी पावसाळा सरता सरता गळीत हंगाम केव्हा सुरू करावा हे ठरवण्यासाठी मंत्रिसमितीची बैठक होते. कारखान्यांचे प्रतिनिधी काय म्हणतात, किती ऊस उभा आहे, थकीत एफआरपी किती, हे सारे तेथे मांडले जाते. त्या बैठकीपूर्वी महिनाभर आधी साखर आयुक्तांनी धारूर, केज, शिरूर कासार, पाथर्डी या तालुक्यांच्या गावी स्वतः जाऊन तोडणी करणाऱ्या स्त्री-पुरुषांची सुनावणी घ्यावी, मुकादमाला बाहेर बसवावे, आणि त्यांची कैफियत समितीच्या कागदांत पहिल्या पानावर लावावी. हे काम दसऱ्याच्या आत झाले पाहिजे. दिवाळीनंतर तेथे गेले तर म्हातारी माणसे आणि त्यांच्यापाशी ठेवलेली नातवंडे तेवढी भेटतील.